ताईचे राहिलेले एकोणीस टक्के

ई-पुस्तकं विकणाऱ्या कंपनीने माझ्या बहिणीला फसवलं, आणि त्या व्यवहारात मधला दलाल मी होतो. ताईला जाऊन पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, आता राग सोड. नाही सोडत.

सुमनताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गिरगावातल्या एका छापखान्यात तिने जन्मभर प्रुफं तपासली. निवृत्तीनंतर मीरा रोडच्या शांती नगरला, माझ्या प्लायवूडच्या दुकानामागच्या इमारतीत राहायला आली. मग डोळ्यांचे पडदे खराब झाले आणि छापील अक्षर तिच्यापुरतं संपलं. अमेरिकेतल्या तिच्या मुलाने, नितीनने, ई-रीडर पाठवला. त्यात अक्षर अंगठ्याएवढं करता यायचं. पानावर जेमतेम वीस शब्द मावत, पण ताई पुन्हा वाचू लागली. खातं तिकडचं, म्हणून पुस्तकंही तिकडची, महिन्याच्या वर्गणीवर. मराठी पुस्तक मागितलं की पाटी यायची, हे तुमच्या देशात उपलब्ध नाही. मी ती वाचून दाखवली की ताई हसायची. "मीरा रोडला बसून मी परदेशी झाले बघ!" त्यातूनही तिने वाट काढली. जुन्या मैत्रिणींकडून मराठी लेखांच्या फाइली मागवायची, मेलने त्या यंत्रात घालायची आणि त्यातल्या चुका मला दुकानात फोन करून सांगायची.

मलाच ते सहन होईना. तिच्यासमोर बसून कंपनीला फोन लावला आणि ट्रकवाल्यांशी भांडतो तसा भांडलो. पलीकडचा म्हणाला, "सर, कंट्री इंडिया कर दीजिए. कुछ नहीं जाएगा."

"बाळ्या, खालचं बारीक वाच आधी," ताई म्हणाली.

"तू छापखान्यातून कधी बाहेर येणार गं?" म्हणत मी बटण दाबलं.

मराठी पुस्तकं आली... आणि ताई वाचत होती ती इंग्रजी कादंबरी गेली. समुद्राकाठचं आपलं घर परत मिळवायला निघालेल्या एका म्हातारीची गोष्ट. एक्क्याऐंशी टक्के वाचून झाली होती. ती तिकडच्या वर्गणीवरची, इथे विकायलाच नव्हती. नितीन फोनवर म्हणाला, "आई, मी शेवट वाचून सांगतो." ताईने साफ नकार दिला. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघतो म्हणून लहानपणी तिने माझ्या थोबाडीत मारली होती. "माझं मी वाचेन. तू भांड," एवढंच म्हणाली.

मी भांडत राहिलो. कंपनी दर वेळी 'पुस्तक दोन दिवसांत परत येईल' म्हणायची, आणि त्या भरवशावर आम्ही ना देश परत बदलला, ना दुसरा काही उपाय केला. तेवढ्यात ताईचं हृदय थकलं. हॉस्पिटलात मला बघून तिने पहिलं विचारलं, "आलं का रे?"

"उद्या," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला सांगतो तसं. त्या उद्याला ती नव्हती.

यंत्र तिच्या खुर्चीत असतं. दर रविवारी मी ते चार्ज करतो. मुखपृष्ठ अजून दिसतं, करडं पडलेलं, खाली ८१. बोट लावलं की तीच पाटी येते, इतक्या बारीक अक्षरात की ताईला ती दिसलीही नसती. मी बारीक अक्षर का वाचलं नाही, याचा जाब ती खुर्ची मला रोज विचारते. पण 'कुछ नहीं जाएगा' म्हणणाऱ्या त्या माणसाने एकदा इथे यावं, या खुर्चीसमोर उभं राहावं आणि मला सांगावं... काय नाही गेलं?