रोटाच्या दिवसांतल्या गोळ्या

श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट भाजल्याचा गुळमट वास आला की मला भडगावचं घर आणि वडिलांचे पाय आठवतात. आबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. जळगावच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "या इंजेक्शननं हार्मोन आधी उसळतं, मग बसतं. त्या उसळीत गाठ सुजली तर पाय जातील. म्हणून गोळ्या आधीपासूनच सुरू करा." गोळ्या मी आबांच्या हातात दिल्या, पुढे इंजेक्शनही झालं. तिसऱ्या सकाळी आबा कंबर धरून कण्हू लागले. त्यांच्या बंडीच्या खिशात गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली. "कानबाईना रोट शेतस ना घरमा, भाऊ," ते म्हणाले, "ते सरतस तवलोंग बाहेरनं कसं खाऊ?" घरातले रोट संपेपर्यंत बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा नेम. मी धावत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. "आत्ता द्या, आणि पायांवर लक्ष ठेवा. बधिर झाले तर लगेच आणा." आईनं रोटाचा तुकडा मोडला, त्यात गोळी खुपसली आणि आबांना भरवली. दोन दिवस मी त्यांच्या पायथ्याशी बसून एकच म्हणत होतो, "आबा, बोटं हलवा." ते हलवायचे, कधी चिडून. पाय वाचले. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालोय, आणि घरात रोट भाजायला लागले की मी गुपचूप स्वतःची बोटं हलवून बघतो.