वैष्णवीचा तराजू

आमच्या शाळेत जुने प्रोजेक्ट फेकत नाहीत, कपाटावर चढवतात. किश्शांचंही तसंच झालंय. रहाटणीत तिसरीला शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. आता कपाटावर जागा नाही आणि माझ्या डोक्यातही नाही.

*

पहिल्याच वर्षी मुलांना पवनचक्की करायला सांगितली. म्हटलं, पुठ्ठा, टाचणी, स्ट्रॉ, एवढंच आणा. अथर्वची पवनचक्की रिक्षातून आली. स्टीलची, बेअरिंग बसवलेली. त्याचे पप्पा चाकणला एका कंपनीत टूलरूमला.

"कशी फिरते रे ही?"

"पप्पांना विचारून सांगतो मॅडम. आज ते सेकंड शिफ्टला आहेत."

पहिला नंबर अर्थातच पप्पांचा आला.

*

शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्याने एकदा मला रस्त्यातच गाठलं. "मॅडम, यंदा तिसरीला ज्वालामुखी का सूर्यमाला? माल भरायचाय."

मी चिडून म्हटलं, "यंदा मुलं स्वतःच्या मनाने करणार आहेत."

सोमवारी दुकानावर पाटी लागली: 'स्वतःच्या मनाने केलेले प्रोजेक्ट तयार मिळतील.'

*

मातीकामाचं तर विचारूच नका. घराजवळची माती आणायला सांगितली, तर अख्ख्या वर्गात सहा जणांना ती सापडली. बाकी सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. वर एका आईची चिठ्ठी: 'ओल्या मातीत हात घालू देऊ नये, सर्दी होते.'

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तोडगा काढला. मडकं कसं करतात त्याचा व्हिडिओ मुलांनी हाताची घडी घालून पाहिला. रजिस्टरमध्ये मी 'कृतियुक्त अध्ययन' असं लिहिलं. खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

*

यंदा मोठ्या बाईंनी सरळच सांगितलं, "प्रदर्शनात बघण्यासारखं काही असलं तर ठीक. नाहीतर शनिवारचा कार्यानुभवाचा तास स्पर्धा परीक्षांना देऊन टाकू." मुलांनी हाताने काही करायला उरलेला तो एकच तास. मग मीही हट्टाला पेटले. सगळं वर्गातच, माझ्यासमोर करून घेतलं.

वैष्णवीने तराजू केला. कपड्यांचा हँगर, दोरा, दोन करवंट्या. एक बाजू सारखी खाली जायची. तीन शनिवार ती झटत होती आणि मी तोंड शिवून बसले होते. चौथ्या शनिवारी तिने वर राहणाऱ्या करवंटीला खालून थोडी ओली माती थापली. हँगर सरळ झाला.

"मॅडम, मला कळलं," एवढंच म्हणाली.

अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्या आनंदात प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं, "घरी ने, आईबाबांना दाखव." माझी अक्कल, दुसरं काय.

सकाळी तिचे वडील स्वतः तराजू घेऊन आले. मूळचे लातूरकडचे, कंपनीत क्वालिटीला. करवंट्यांच्या जागी पितळी पारडी, हँगरच्या जागी ॲल्युमिनियमची दांडी.

"मॅडम, लेकराचं वाकडं झालतं. आमच्या लायनीला असला पार्ट रिजेक्टच होतो. म्हणून कंपनीत थांबून नीट करून आणलं."

माणूस इतक्या कौतुकाने बोलत होता की मी तराजू तसाच प्रदर्शनात मांडला.

तराजूला पहिला नंबर मिळाला. मोठ्या बाई खूश झाल्या. शनिवारचा तास वाचला.

सगळे पांगल्यावर वैष्णवी माझ्या टेबलाशी आली. तिने मूठ उघडली. आत तो मातीचा गोळा होता, आता वाळलेला.

"मॅडम, हा आता कुठं लावू?"