घास गेला का?

“कॅन्सर नाही. बुरशी आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि मी आधी रडले, मग भांडले. अहो, कसबा बावड्यात माझं चटणी कांडपाचं, म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायचं दुकान! गल्लीतल्या कुणाच्या चटणीला कधी बुरशी लागू दिली न्हाय, आणि ती माझ्याच नरड्यात?

सुरुवात साधीच झाली. गिळताना छातीत दुखायचं, भाकरीचा घास मधेच अडकायचा. नणंद म्हणाली, “भाभी, तुझी चटणीच तुला बाधली की!” झालं. माझा तांबडा रस्सा बंद, दूधभात सुरू. तरी घास अडकायचाच. माझा नवरा सलीम समोर बसून प्रत्येक घासाला विचारायचा, “गेला?” मला तो शब्द नकोसा व्हायचा. माझे अब्बा अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेले. त्यांचंही असंच घास अडकण्यापासून सुरू झालं होतं. मी पार घाबरले होते.

मग एंडोस्कोपी केली. म्हणजे घसा बधिर करून तोंडातून बारीक नळी घालतात आणि कॅमेऱ्यानं अन्ननलिका बघतात. ओकारी येते, पण निभतं. आत पांढरे थर दिसले. “व्हायरस असला तर बहुतेक जखमा दिसतात. ही बुरशी वाटते, पण नुसतं बघून मी सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बायोप्सी घेतली, म्हणजे तपासायला तिळाएवढा तुकडा काढला. अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की अशी बुरशी वाढते, म्हणून रक्तातली साखर तपासली, एचआयव्हीसुद्धा. ते ऐकून सलीम ताडकन उठला. “बसा की पावणं,” मी म्हटलं, “तपासलं म्हणून काय तो होत न्हाय!”

बाकी सगळं ठीक निघालं. बायोप्सीत आली ती कॅन्डिडा नावाची बुरशी.

“दम्याचा पंप घेता ना? त्यानंतर चूळ भरता?”

“छ्या! एवढं महागाचं औषध थुंकून टाकू व्हय?” सांडलेली चटणीसुद्धा मी पिसानं गोळा करते, मग औषध कशी टाकेन?

डॉक्टर हसले. “छातीत जायचं ते गेलेलं असतं. घशात उरतं ते स्टेरॉइड, त्यावर बुरशी माजते.”

पंप घेणाऱ्यांनो, पंप बंद करू नका, पण चूळ भरून खुशाल थुंका. आणि घास अडकत असेल तर चटणीला शिव्या देत घरी बसू नका, तपासून घ्या. मला बुरशी मारणाऱ्या गोळ्यांनी उतार पडला.

डॉक्टरांनी तिखटाला परवानगी दिली त्या दिवशी नणंदेनंच रस्सा केला, माझ्या चटणीचा. मी भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला. सलीम डोळे वटारून समोर.

“गेला?”

“गेला की!” मी ओरडले. “वाढ अजून!”