पांढऱ्यावर पांढरं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठत जातात. चार जण चहाला जमले की एकेक खाली काढायचा. आमच्याकडे बरण्या जरा जास्तच, कारण आम्ही तिघं प्रूफरीडर आणि तिघंही आंधळे! हो, आंधळेच. दृष्टिहीन वगैरे भाषणात म्हणतात. भाषण संपल्यावर पायरी कुठे आहे ते कोणी सांगत नाही.

पंचवटीत नानांचा छापखाना होता. दोन हजार सालानंतर स्क्रीनवरचं इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आमच्यापर्यंत पोचलं, तेव्हा नानांनी वरची खोली आम्हाला दिली. मी, मनमाडचा रघू आणि चांदवडची सुनंदा. इंग्रजी मजकूर ऐकायचा आणि चुका काढायच्या, हे आमचं काम. त्या आवाजाला आम्ही जावईबापू म्हणायचो. उच्चार परदेशी, बोलणं तुसडं आणि मध्येच रुसून गप्प बसायचे!

रघूला आणि मला घरून काही घाई नव्हती. सुनंदाचं तसं नव्हतं. आईवडील गेलेले, थोरल्या भावाची शेती. त्यानं बजावून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत पक्कं काम लागलं तर ठीक, नाहीतर मी घ्यायला येतो. घरी नेऊन तिला ओसरीवर बसवण्यापलीकडे तो काय करणार होता?

"दादा वाईट नाही रे," सुनंदा म्हणायची. "पण मला सांभाळायचं म्हणजे मला बसवायचं, असं त्याला वाटतं."

*

एकदा एका प्राध्यापकांचा प्रबंध आला. मथळे भारदस्त दिसावेत म्हणून सरांनी प्रत्येक अक्षरानंतर एक स्पेस दाबलेली. कागदावर झकास दिसत असणार! पण जावईबापूंना तो शब्द वाटेचना. ते आपले एकेक अक्षर सुटं सुटं वाचत बसले. आय... एन... टी... आर... नुसतं प्रकरणाचं नाव ऐकेपर्यंत चहा निवायचा.

सरांना फोन केला. ते म्हणाले, मला तर शब्द अगदी नीट दिसतोय. मी समजावून समजावून थकलो. शेवटी रघूनं फोन हिसकावला. त्याचे वडील रेल्वेत होते.

"सर," तो म्हणाला, "तुमची गाडी प्रत्येक सिग्नलला थांबतेय. एक्स्प्रेस करून देऊ का?"

सरांनी ती करून घेतली. वर सगळ्या विभागाचे प्रबंध आमच्याकडे धाडून दिले.

*

मराठी काम आम्ही घेत नव्हतो. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे नुसतं सोंग. बाहेरून देवनागरी दिसायचं, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली. जावईबापू आतलं तेवढं वाचायचे.

रामकुंडाजवळचे एक गुरुजी पूजेची पोथी टाइप करून घेऊन आले. सुनंदानं नको नको म्हटलं, पण गुरुजी हटून बसले. शेवटी तिनं फाइल उघडली आणि जावईबापू सुरू झाले. वाय, डॉलर, कंस, टक्का, पुन्हा डॉलर... सगळं इंग्रजीतून, न थांबता.

गुरुजींनी पानभर शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या यजमानांपेक्षा बरा आहे. अडखळत तरी नाही."

*

आता आमची फजिती सांगतो. दुसऱ्यांच्याच सांगत बसलो तर पाप लागेल.

एका हॉटेलचं माहितीपत्रक आलं होतं. निळ्या पट्ट्यांवर पांढरी अक्षरं. पण ते आम्हाला कोण सांगणार? त्या पट्ट्या म्हणजे फाइलमधली टेबलं होती, निळा रंग भरलेल्या चौकटी, आणि जावईबापू दर ओळीला 'टेबल, टेबल' करून डोकं खायला लागले. सुनंदा वैतागली आणि तिनं ती सगळी टेबलं काढून टाकली. मजकूर तेवढा ठेवला. तिघांनी आळीपाळीनं ऐकला. एक चूक सापडेना! खाली पाठवून दिला.

थोड्या वेळानं नाना धाडधाड जिना चढून आले. "अरे, कोरा कागद आहे हा!"

मी म्हटलं, "नाना, बसा. वाचून दाखवतो."

नाना हसले नाहीत. पट्ट्या गेल्या होत्या आणि अक्षरं पांढरीच राहिली होती. पुन्हा असं झालं तर वरची खोली बंद, असं सांगून ते खाली गेले. सुनंदा त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नेम धरला. पान हातावेगळं करायच्या आधी जावईबापूंना प्रत्येक ओळीचा रंग विचारायचा. रघू चिडवायचा, हिला आता साडीच्या दुकानात बसवा. ती विचारतच राहिली.

*

दिवाळी तोंडावर आली आणि अंबडच्या एका कारखान्याचे साहेब स्वतः आले. परदेशी गिऱ्हाइकाला मशीनबरोबर द्यायची पुस्तिका होती. हे काम पसंत पडलं तर वर्षभर सगळं आमच्याकडेच येणार होतं. आणि नेमका त्याच वेळी सुनंदाचा भाऊ दारात उभा!

"लय झालं आता," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पक्कं काम काय लागलं नाय. आवर तुझं, घरी चल."

नानांनी त्याला कसंबसं बसवलं. साहेबांचं होऊ द्या, मग बघू म्हणाले.

सुनंदानं हेडफोन लावले. पानांमागून पानं गेली. एका पानाच्या तळाशी ती थांबली, रंग विचारला, पुन्हा ऐकलं. मग साहेबांना म्हणाली की इथे पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आहे. साहेब उठून स्क्रीनपाशी गेले. म्हणाले, तिथे काही नाही, रिकामी जागा आहे, आमच्या माणसांनी तपासलंय सगळं.

"साहेब, हेडफोन घ्या," ती म्हणाली. "तुम्ही एकट्यानं ऐका."

"स्पीकरवर लाव. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

तिनं लावलं. त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी दुसऱ्या कुणालातरी फाइलमध्येच निरोप लिहिला होता आणि पुसायचा सोडून नुसता पांढरा करून ठेवला होता. जावईबापूंनी तो खणखणीत इंग्रजीत वाचला. या पानावरचे आकडे आहेत तसेच राहू दे, साहेब न वाचताच सही करतात.

मला वाटलं, संपलं. काम गेलं आणि सुनंदाही चालली.

तिच्या भावाला इंग्रजीचा गंध नव्हता. सगळे गप्प का झाले ते त्याला कळेना. त्यानं सरळ साहेबांनाच विचारलं, "काय म्हनला वो तो?"

साहेबांनी खुर्ची ओढली आणि त्याच्याशेजारी बसले.

"म्हणाला, बहिणीला घरी नेऊ नका."