शेजारणीच्या नातवाचा स्वेटर

या महिन्यात तुझं काय काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगायला जीभ रेटत नाही. एक वीतभर स्वेटर, तोही दहादा उसवून विणलेला. आणि वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी, तिच्यातली खूण पहिल्या काही प्रकरणांतच अडकलेली. दमले म्हणायचीसुद्धा चोरी, कारण दिवसभर मी नुसती बसून असते. माझी लेक पलंगावर पडून आणि मी तिच्या उशाशी बसून.

गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. या वेळी सातवा लागला तशी डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली, उठायचं नाही, वाकायचं नाही, जिन्याचं तर नावच काढायचं नाही. जावई तळेगावला कारखान्यात पाळीवर जातात, विहीणबाई कान्ह्याला शेतात. तिच्यापाशी बसणार कोण? म्हणून तिला लोणावळ्याला माझ्याकडे आणली. हे गेल्यापासून मी एकटीच होते. बसून बसूनही माणूस थकतं, हे मला साठीत कळलं.

मोबाइल बघून तिचे डोळे दुखायला लागले, तेव्हा म्हणाली, "आई, तूच काहीतरी वाचून दाखव. फक्त त्यात कुणी मरायला नको."

आता घ्या! वाचनालयातल्या बाईंना हे सांगितलं तर त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या. मराठी कादंबरी, आणि कुणी मरायचं नाही? शेवटी त्यांनी काढून दिली ती मुकाट्यानं घेऊन आले. आता मीच आधी पुढची पानं चाळते. कुणाला खोकला लागलाय, कोण भरल्या नदीत होडी घालतंय, ते बघून ठेवते. धोका दिसला की तेवढं गाळून पुढे. परवा एका म्हाताऱ्याला सुखरूप घरी पोचवला. पुस्तकात तो बिचारा वाटेतच गेला होता. मग पुढचं अख्खं प्रकरण सगळे त्याच्यासाठी रडत होते, तेही गाळणं आलं. एकेका पानाला माझा जीव मेटाकुटीला येतो, आणि ही डोळे मिटून म्हणते, "भलतीच सुखी माणसं आहेत गं ही."

विणण्याची तऱ्हा त्याहून वेगळी नाही. आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळणा तर नाहीच. बाळ आलं की जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यात घ्यायचं, नव्याची हौस बारशाला. मागच्या वेळी आम्ही हे सगळं काटेकोर पाळलं होतं. या वेळी थंडी पडली आणि मला राहवेना. पिवळी लोकर आणली आणि सुया घेऊन बसले.

"कुणाचं गं?" लेकीनं विचारलं.

"शेजारणीच्या नातवाचं."

शेजारणीचा नातू बारावीला आहे. मिशा फुटल्यात त्याला. लेक छताकडे बघत राहिली.

विहीणबाई आठवड्यातून एकदा लोकलनं येतात, गावरान अंडी आणि मेथीची जुडी घेऊन. पाठीचा भाग पुरा झाला होता तेव्हाच नेमक्या आल्या. उचलून हातात घेतला, बोटांनी चाचपला. "कुनाचं म्हनायचं हे?"

"शेजारणीच्या नातवाचं," लेकच पटकन म्हणाली.

"ब्येस हाय," त्या म्हणाल्या आणि होता तसा घडी घालून ठेवला. मग माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "ताई, शेजारनीचं आसंल तर आसू द्या. पन इतक्यात पुरं करू नका. लय घाई बरी न्हाई."

मला असा राग आला! मी काय अडाणी आहे? तीस वर्षं नोकरी केली मी, असल्या गोष्टींना हसत आले. त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मनात म्हटलं, संपवणार, उद्याच्या उद्या संपवून दाखवणार.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी गळ्याशी आले आणि हातच चालेना. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, की वाटायचं टाके आवळलेत. उसव. बाहीचं माप चुकलंय. उसव. सकाळी गॅलरीतल्या उन्हात विणायचं आणि दुपारी बसून तेवढंच उसवायचं. उसवून उसवून लोकर केसाळ झाली. खाली शनिवार-रविवारी चिक्कीच्या दुकानांपुढे पाहुण्यांच्या गाड्या भोंगे वाजवत उभ्या असत. कसली घाई झालीय मेल्यांना, म्हणून मी वरून करवादत असे.

खरं सांगते, मला भीतीचाच कंटाळा आला होता. रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं तिच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, "हलतंय ना गं?" ती हो म्हणाली की मग चहाचं आधण.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी दुसरी बाही उसवत होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, डोळा लागला असेल.

"आई, ते आज संपव."

"एवढी घाई कुणाला झालीय? शेजारणीला?"

"पुरे ना आता." ती सावकाश माझ्या बाजूच्या कुशीवर वळली. "मागच्या वेळी त्याला दवाखान्यातल्या हिरव्या कापडात गुंडाळून माझ्याजवळ आणलं. आपल्या घरचा एक धागा नव्हता त्याच्या अंगावर. तसंच नेलं. वर्षभर मला तेच दिसतंय. या वेळी काय व्हायचं ते होऊ दे, पण उघडं जायचं नाही ते."

ती कधी बोलली नाही, म्हणून मी समजून चालले होते की तिनं ते मागे टाकलं. मी आपली कादंबरीतली म्हातारी माणसं जगवत बसले होते. तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलेलं, पण रडले, चांगली हुंदके देऊन रडले. तिनंच माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मग नाक पुसलं आणि सुया घेतल्या. बाही पुरी केली, टाके बंद केले, दोन्ही बाजू शिवल्या. एक टाका उसवला नाही. गॅलरीतलं ऊन कधी गेलं कळलं नाही, चहाही राहिला. तिनं स्वेटर घेतला, पोटावर नीट पसरला, दोन्ही बाह्या दोन बाजूंना सारख्या केल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"गळा मोठा झालाय गं, आई."

"होऊ दे," मी म्हटलं. "वाढत्या अंगाचं केलंय."