थोरलीचे पाय

अप्पा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर जिल्ह्याचा मोठा साहेब उभा असो की डोक्यावर परडी घेतलेली आराधीण, अप्पांची नजर घोट्याच्या वर जात नसे. त्यात उर्मटपणा नव्हता, त्यांचं कामच तसं होतं. तुळजापुरात आमच्या लॉजच्या जिन्याखाली त्यांचा चपलांचा स्टँड होता. देवळात जाणारी माणसं चपला काढून द्यायची आणि दर्शन झालं की परत घ्यायची. बाकीच्या स्टँडवर टोकन मिळे. अप्पांकडे टोकन नव्हतं. माणूस परत येऊन उभा राहिला की अप्पा त्याच्या पायांकडे बघत, मागे वळत आणि नेमका त्याचा जोड पुढ्यात ठेवत.

"टोकन हरवतंय, वैनी. पाय हरवलेला माणूस बघितला न्हाय अजून," असं ते म्हणत.

मला हे पटत नसे. मी चौदा खोल्यांचा लॉज चालवते. चादरी, अभ्रे, बादल्या, किल्ल्या, कुठल्या खोलीतला गिझर कधी बिघडला हे सगळं माझ्या वहीत असतं. वहीत नाही ते माझ्या लेखी झालेलंच नसतं. अशा बाईच्या जिन्याखाली शेकडो जोड नुसते डोक्यात ठेवणारा माणूस बसलेला असणं म्हणजे घासातला रोजचा खडा. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की तुम्हाला हे जमतं कसं. ते म्हणाले, "चपलंवर पायाची खूण असती आन् पायावर चपलंची. पट्ट्याखालचं कातडं उन्हात जात न्हाय. अंगठ्याखाली चप्पल दबती. त्यांचं ते एकमेकाला सांगतेत. मी फकस्त मधी बसतो."

अप्पा तामलवाडीचे. सकाळच्या बसनं यायचे, सूनही बरोबर असायची. सुनेचं नाव शिवलीला. ती माहेरची कर्नाटकातली, कामाला वाघीण आणि बोलायला सडेतोड. सासरा-सून आपापसात कन्नड बोलत आणि भांडण मात्र मराठीत करत, बहुधा मलाही कळावं म्हणून.

माझा शौक एकच, आणि तो मी लपवत नाही. टीव्हीवर नावाजलेल्या लोकांची नाचाची स्पर्धा लागते ना, ती मी एकही भाग न चुकवता बघते. नट, नट्या, एखादा निवृत्त क्रिकेटपटू, एखादी गायिका अशी माणसं त्यात असतात. ज्यांचं नाचणं हे काम नाही ती नाचतात, परीक्षक गुण देतात आणि आपण फोनवरून मतं देतो. त्या वर्षी माझी आवडती होती थोरली. एका मालिकेत ती थोरल्या सुनेचं काम करायची, म्हणून आमच्या बचत गटात सगळ्या जणी तिला थोरलीच म्हणत. मतदान सुरू झालं की मी गटातल्या बायकांना आठवण पाठवायची आणि कुणी मत दिलं, कुणी कंटाळा केला, याच्या खुणा वहीत करायची. एका दिरानं मला "निवडणूक आयोग" म्हटलं. म्हणू दे.

भाग शनिवारी-रविवारी लागत आणि सोमवारी दुपारी दोनला पुन्हा दाखवत. सोमवारी दुपारी गर्दी बेताची. अप्पा शिवलीलाला स्टँडवर बसवून आमच्या ऑफिसात चहाला येत. पहिल्या सोमवारी त्यांनी पाच मिनिटं टीव्हीकडे बघितलं, मग उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर टाकला.

"अहो अप्पा, काय करताय?"

"तोंडं आडवी येतेत, वैनी."

तेव्हापासून दर सोमवारी मी अर्धाच टीव्ही बघू लागले. पूर्ण भाग मी आधी बघितलेला असल्यामुळे माझं काही अडत नव्हतं. टॉवेलाखाली नुसते पाय नाचत. परीक्षकांच्या जागी टेबलाचे पाय दिसत. "हे चार लई शहाणे दिसतेत, हलंनात," अप्पा म्हणत.

गंमत म्हणून मी त्यांचे शेरे वहीत लिहू लागले, आणि ते खरे निघू लागले. क्रिकेटपटूबद्दल ते म्हणाले होते, "हा बुटात वाघ हाय. अनवाणी नाचिवला तर रडंल." दोन आठवड्यांनी त्याला मातीवर अनवाणी नाचायला लावलं आणि त्याच आठवड्यात तो बाहेर गेला. एका कोवळ्या नटीबद्दल म्हणाले, "ही डाव्या टाचंवर भार देईना. सांगा की कुणीतर तिला." सांगणार कोण आणि कुणाला? पुढच्याच भागात ती पायाला पट्टी बांधून आली आणि सगळ्यांचा निरोप घेऊन गेली. त्या रात्रीचं तिचं रडणं मी बघितलं होतं. सोमवारी अप्पांनी फक्त पट्टी बघितली आणि चहा अर्धा ठेवून खाली गेले.

पाचव्या आठवड्यात थोरली घुंगरू बांधून नाचली. मी शनिवारी ते बघून टाळ्या वाजवल्या होत्या. सोमवारी अप्पांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हे पाय त्या बाईचे न्हाईत."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तिचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या म्होरं जातंय. ह्या पायाचं जात न्हाय. जवळनं दाखवलं की पाय दुसऱ्याचे हायेत. लांबनं दाखवलं की तिचे."

"अप्पा, पायांनाही मेकअप करतात आता."

"मेकअपनं बोट आखूड व्हतंय व्हय?"

मला राग आला, हे कबूल करते. थोरली लबाडी करेल? बाकीच्या जणी परीक्षकांपुढे लाडात बोलत, ही गप्प उभी राहून गुण घ्यायची. मी खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढली. नंतर फोनवर तोच नाच काढला, जागोजागी थांबवला, वहीत दोन रकाने पाडले: चौथा आठवडा, पाचवा आठवडा. एकदा वाटे, बोट आखूड आहे. एकदा वाटे, पाय वाकवलाय म्हणून तसं दिसतंय. चित्र मोठं करावं तर बोटांचा नुसता रवा होई. माझ्या वहीतलं ते रकान्यांचं पान सोडलं तर अर्धवट पान एकही नाही.

त्याच आठवड्यात पौर्णिमा आली. पौर्णिमेला आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ईट गावच्या एक शिक्षिका दर्शन करून आल्या. अप्पांनी पाय बघितले, वळले, जोड ठेवला. बाई म्हणाल्या, "माझ्या नाहीत या."

"तुमच्याच हायेत, ताई."

"अहो, मला माझ्या चपला कळत नाहीत का? आज सकाळीच इथं घेतल्यात."

अप्पांनी पुन्हा पाय बघितले. कितीतरी वेळ बघितले. मागे रांग ओरडायला लागली. बाईंच्या चपला दुसरंच कुणीतरी घालून गेलं होतं. त्या काही सापडल्या नाहीत. शेवटी मी माझ्या चपला त्यांना दिल्या आणि हात जोडले.

"नव्या व्हत्या," अप्पा म्हणाले. "नव्या चपलंला पाय ठावं नसतंय. खूण पडली नव्हती अजून."

शिवलीलानं माझ्या देखत त्यांना सुनावलं, "आजवर काय कुणी नव्या घालून आलं न्हाय? नजर गेली तुमची अप्पा, माना की! उद्या कुणीतर गचांडी धरंल. टोकन ठिवू."

"नजर बरी हाय माझी."

"बरी हाय म्हणं! टीव्हीतल्या बाईला दुसऱ्याचे पाय दिसायलेत ह्यास्नी." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी बारीक बघताव. तुमीच सांगा. त्या बाईच्या पायात फरक हाय का न्हाय? तुमी हाय म्हणलाव तर मी टोकनचं नाव काढणार न्हाय."

तेव्हा मी कसल्या पेचात होते ते मला आजही नीट मांडता येत नाही. फरक आहे म्हटलं, तर अप्पांची नजर शाबूत आणि माझी थोरली खोटी. फरक नाही म्हटलं, तर थोरली खरी आणि अप्पांचं आयुष्यभराचं काम संपलं. आणि मला फरक दिसला होता की नाही, तेच मला ठाऊक नव्हतं. दोघं माझ्याकडे बघत होती. म्हणजे शिवलीला बघत होती. अप्पांची मान खालीच होती.

"मला तर तिचेच वाटतात," मी म्हणाले. "काही फरक नाही."

अप्पांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आणा मग टोकन."

टोकन मीच दिले. खोल्यांच्या जुन्या किल्ल्यांचे पितळी बिल्ले पडून होते, ते पुरले नाहीत तेव्हा आणखी करून घेतले. आकडे ठोकून घेतले, खुंट्यांवर तेच आकडे रंगवले. चार दिवसांत काम झालं. माझ्या हातून झालेल्या नेटक्या कामांपैकी ते एक आहे, आणि ते बघितलं की मला बरं वाटत नाही.

अप्पांनी कुरकुर केली नाही. बिल्ला घेत, आकडा बघत, जोड देत. सोमवारी चहाला यायचे मात्र बंद झाले. मी एकदा कप घेऊन खाली गेले, तर ते मान वर करून गर्दीकडे बघत बसलेले.

"बरं हाय आता. पायाकडं बघावं लागत न्हाय," ते म्हणाले. मग कप घेऊन म्हणाले, "वैनी, लोक देवळातनं रडून येतेत व्हय? मला ठावंच नव्हतं."

अकरा वर्षं मी त्याच दारात उभी होते आणि मलाही ते ठाऊक नव्हतं.

स्पर्धा थोरलीनं जिंकली. बचत गटात पेढे वाटले, तेही मीच. महिनाभरानं तिची मुलाखत लागली. त्यात ती सहज बोलून गेली, की पाचव्या आठवड्यात तिचा पाय इतका सुजला होता, की दोन दिवस जमिनीला टेकवता येत नव्हता. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, मग नाचलीस कशी? थोरली हसली, "झालं कसंतरी," म्हणाली आणि नव्या मालिकेबद्दल सांगायला लागली.

मी टीव्ही बंद केला. सुजलेल्या पायाची बोटं आखूड दिसू शकतात. पाय टेकत नसेल तर दुसऱ्या कुणाचे पाय दाखवलेही असतील. यातलं खरं काय ते मला कधीच कळणार नाही. पण दोन्हीतलं काहीही खरं असलं, तरी त्या आठवड्यात पायांत फरक होता. अप्पांनी तो बघितला होता, आणि मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जिन्याखाली गेले. अप्पांनी पिशवी भरलेली होती. कर्नाटकात आळंदला मुलगी दिलेली, तिच्याकडे ते कायमचे राहायला निघाले होते. स्टँड शिवलीला सांभाळणार होती. मी घाईघाईनं मुलाखतीचं सगळं सांगितलं. शिवलीलाही ऐकत होती.

अप्पा म्हणाले, "सुजलेल्या पायावर घुंगरू बांधले व्हते व्हय? अय्यो. लई दुखलं असंल वो."

"अप्पा, मी काय सांगतेय? तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. मला तेव्हा दिसलं नाही."

"दिसलं व्हतं की."

"नाही हो. मला खरंच कळत नव्हतं."

"शिवलीलानं इचारलं तवा तुमी 'फरक न्हाय' म्हणलाव," अप्पा शांतपणे म्हणाले, "आन् तुमच्या पायाची बोटं आवळली. धाच्या धा. मला समोरच दिसत व्हती."

मी खाली बघितलं. जणू बोटं अजूनही आवळलेली असतील.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडाकडं बघितलं ना," ते म्हणाले. "लई जीव व्हता तुमचा त्या बाईवर. म्हणलं, राहू द्या."

शिवलीला पदर तोंडाशी धरून आत चपला लावत राहिली. तिनं मला दोष दिला नाही. टोकन बंद करूया असंही ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. तेवढ्यात सोलापूरच्या बसची माणसं आली आणि बिल्ल्यांसाठी हात पुढे झाले.

मी त्या दिवशी खोटं बोलले होते का? मनाला हजार वेळा विचारून झालं. मन म्हणतं, तुला ठाऊक नव्हतं. बोटं काय म्हणतात ते अप्पांना कळलं होतं, मला कळत नाही. ज्या गोष्टीचा निकाल लागत नाही ती मी यादीतून खोडून मोकळी होते. ही खोडली जात नाही. चार महिन्यांनी आळंदहून अप्पा गेल्याचा फोन आला, त्यानंतर तर नाहीच.

ते निघाले त्या दिवशी त्यांना सोडायला मी बसस्टँडपर्यंत गेले होते. पिशवी वर दिली. अप्पा दांडा धरून बसच्या पायरीवर चढले आणि तेव्हा त्यांचे पाय अगदी माझ्या डोळ्यांसमोर आले. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलेच नव्हते, कारण स्टँडवर ते सदा मांडी घालून बसलेले, आणि चहाला आले की माझं लक्ष टीव्हीकडे. मी नीट बघून घेतले. टाचा फुटलेल्या, नखं रुंद, चपलेचा पट्टा सरकला तिथं फिकट कातडं. त्यात अप्पांचं म्हणून काही ओळखीचं सापडतंय का, ते मी शोधत राहिले. बस निघाली, आणि त्या पायांचं कुठलं बोट लांब होतं हेसुद्धा मला सांगता आलं नसतं.