भांड्यांवरची नावं

मी मुळात भित्री बाई. गावात माझी पिठाची गिरणी आहे, पण पट्टा निसटला की सगळ्यात आधी मीच बाहेर पळते, असं माझा मुलगा लोकांना सांगत फिरतो. त्यातलं बरंचसं खरं आहे. म्हणून त्या पोरीला मदत उभी करायचं काम माझ्याकडं कसं आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आमचं गाव औंधपासून जवळ. पोरगी एकोणीस वर्षांची. आईबाप मेंढरं घेऊन वर्षातले सहा-आठ महिने बाहेर, ती आजीजवळ राहून वडूजच्या कॉलेजला जायची. गावातल्याच एका वजनदार घरातल्या मुलानं तिच्यावर जबरदस्ती केली. वजनदार म्हणजे दोन ट्रॅक्टर, एक जीप आणि जिकडं-तिकडं पाहुणे. तिनं फिर्याद दिली. मुलगा आत गेला, जामिनावर बाहेर आला, आणि मग त्या घरची माणसं 'मिटवून टाका' म्हणत आजीच्या दारात येऊन बसू लागली. साक्षीची तारीख लांब होती. तोवर पोरगी तिथंच राहिली असती तर तिचं तोंड बंद केलं असतं त्यांनी, एवढं आम्हा बायकांना कळत होतं.

आम्हा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला सगळ्यांचे पैसे. त्या महिन्यात जिची निघाली ती म्हणाली, "माझं राहू द्या. तिला द्या." तिला स्वतःला त्या पैशातून म्हशीला गोठा बांधायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या महिन्यात दुसरीही तेच म्हणाली, मग तिसरीही. ठराव नाही, चर्चा नाही. सुरू झालं आणि थांबवायचं कसं ते कुणाला कळेना. त्या पैशावर पोरीला कराडला एका माडीवर खोली घेऊन दिली, शिवणाच्या क्लासला घातलं, सरावाला एक जुनं यंत्र आणून दिलं, वकिलाकडं जायला एसटीचं भाडं दिलं. सरकारी मदतीचा अर्जही केला होता, तो कुठल्या तरी टेबलावर झोपला होता. खोली कुठं आहे ते फक्त मला आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना ठाऊक. बाकीच्या बायकांनी कधी विचारलं नाही, आणि पैसे कुणाकुणाचे आहेत ते आम्ही पोरीलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली ती मायेपोटी. पोरगी एकाच पातेल्यात भात करते आणि त्याच पातेल्यात जेवते, हे जाऊबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या जिवाला लागलं. "नुसत्या पैशानं घर हुतं व्हय? लेकीला भांडी नकोत?" म्हणाल्या. खरेदीच्या दिवशी माझ्या गिरणीतल्या जात्याच्या दगडाला टाकी लावून धार काढणारा माणूस आला होता, म्हणून मी घरी राहिले. जाऊबाई भिशीतल्या चौघींना घेऊन वडूजला गेल्या.

आपल्याकडं भांड्याच्या दुकानात खरेदी झाली की दुकानदार हातात यंत्र घेऊन विचारतो, "नाव काय घालू?" आणि आपल्याकडची बाई त्याला 'काही नको' असं कधी म्हणत नाही. बारशाची वाटी असो की लग्नाचा हंडा, देणाऱ्याचं नाव पाहिजे. बिननावाचं भांडं देणं म्हणजे कमीपणा. प्रत्येकीनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं. ज्या आल्या नव्हत्या त्यांचीही नावं घातली, कुणी रुसायला नको म्हणून. जाऊबाईंनी पोतं बांधून परस्पर खोलीवर पोचवलं आणि घरी येऊन मला म्हणाल्या, भांडी लय झ्याक मिळाली. नावांचं सांगावं असं त्यांना वाटलंच नाही.

पुढच्या आठवड्यात मी कराडला गेले. घरमालकिणीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की भाची आहे, शिवण शिकायला आली आहे. तिनं मला दारातच धरलं.

"आवं, तुमी त्या गावच्या व्हय! बोलला न्हाई ते. माझं म्हायेर पुसेसावळी. पोरीनं भांडी वाळत घातलीवती, नावं वाचली मी. किती मावश्या तिला! भनीला फोन करून सांगितलं, तिची नणंद तुमच्याच गावात दिलीया."

बाईचा काही दोष नव्हता, तिला ओळख निघाल्याचा आनंद झाला होता. मी विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"काल दोगं आल्ती, मोटारसायकलवर. भाड्यानं खोली हाय का म्हनली. न्हाई म्हटलं. मग इचारलं, वर कोन ऱ्हातंय."

"तुम्ही काय सांगितलं?"

"हाय एक पोरगी, म्हटलं. चांगली वाटली पोरं. पानी पिऊन गेली."

मी जिना चढले. वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. आत गेले तर यंत्र चालू आणि त्यात दोराच नाही. पोरगी नुसती पायाखाली पायटा हलवत बसली होती, आवाज बंद पडला तर खाली कळावं म्हणून. मी फळीवरचं पातेलं उचललं, मोरीतला विटकरीचा तुकडा घेतला आणि नाव घासायला बसले. स्टील ओरखडलं, बोटं सोलली, नाव तसंच्या तसं.

तिनं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या, काकू. मला वाटायचं तुमी दोघीच हायसा. बाकीच्या हायत हे मला भांड्यावरनंच कळलं." मग म्हणाली, "त्या दोघांस्नी मी खिडकीतनं बघितलं. एक त्याचा चुलतभाऊ."

मी भराभर बोलत सुटले. सांगलीला माझ्या माहेरच्या ओळखीचं एक घर आहे, जैन माणसं, हळदीचा व्यापार, त्यांच्याकडं आजच जाऊ, भांडी इथंच टाकू.

"सांगलीतबी माणसंच ऱ्हात्यात," ती म्हणाली. "काकू, मला तुमच्या घरी न्या."

"गावात? त्यांच्या तोंडावर?"

"हितं मला काय झालं तर कुनाला कळायचं न्हाई. तितं समदी बघत असत्यात."

माझी चिठ्ठी निघाली होती तेव्हा मी एका दमात 'राहू द्या' म्हणून मोकळी झाले होते. आता मी हिशेब करायला लागले. त्या घरचं दळण माझ्याकडं येतं. घरात माझी सून ओली बाळंतीण. गिरणीला आग लावायला एक काडी पुरते, आणि माझा मुलगा संध्याकाळी एकटाच वडूजहून येतो. हे सगळं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असणार.

"भ्या वाटतंय न्हवं?" तिनं विचारलं.

"लय," मी म्हटलं.

"मलाबी." आणि ती कपडे भरायला लागली.

एसटीत वाहकानं विचारलं, "कुठलं?" मी पर्स उघडली, तोंड उघडलं, पण गावाचं नाव बाहेर पडेना. मोटारसायकलवाल्यांचं कुणी गाडीत असेल तर? ती माझ्यावरून वाकली आणि खणखणीत आवाजात आमच्या गावाचं नाव घेऊन म्हणाली, "दोन द्या." पुढच्या बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. मी खाली मान घातली ती औंध येईपर्यंत वर केली नाही.

तारखेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण गिरणीच्या पत्र्यावर एका संध्याकाळी दगड पडले ते खरे होते. जीप दारासमोर थांबायची, इंजिन चालू ठेवून, कुणी उतरायचं नाही. भिशीतल्या बायका रोज दळण घेऊन यायला लागल्या. दोन पायली ज्वारी, ती पण तीन भागांत, म्हणजे तीनदा बसता येईल. जाऊबाई तर गहू आणायच्या आणि न दळता परत न्यायच्या. यंत्राच्या आवाजात बोलता येत नाही, नुसत्या दाराकडं तोंड करून बसायच्या. माझ्या हातून त्या दिवसांत पीठ जाडंभरडं पडायचं, एकीनंही तक्रार केली नाही.

तारखेला आम्ही सहाजणी तिच्याबरोबर कोर्टात गेलो. त्या घरची माणसं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, आमच्यापेक्षा जास्त. पुकारा झाला. बंद खोलीत साक्ष, तिच्या आणि त्याच्यामध्ये पडदा, असं वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं. ती आत गेली आणि शिपायानं दार लावलं. गोठा राहिला, कुणाच्या पाटल्या राहिल्या, त्या सगळ्यातून आम्ही तिला त्या दारापर्यंत आणलं होतं, पण आत आमच्यातली एकही जाऊ शकत नव्हती. ती घाबरून गप्प बसली तर मी तिला एका शब्दानं बोलणार नव्हते. मी तर घाबरले होतेच.

दार उघडलं तेव्हा ऊन व्हरांड्यात आलं होतं. ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जाऊबाईंनी पदरानं तिचा चेहरा पुसला.

"सगळं बोलले," ती म्हणाली. "पडद्यामागं तो खोकत हुता. तरीबी बोलले."